डासाच्या अंगातल्या पांढऱ्या पेशी

दिल्लीच्या नैर्ऋत्येला वसलेल्या द्वारका उपनगरात पावसाळा सरत आला की तापाचे दिवस सुरू होतात आणि घरोघरी रक्ततपासणीचे कागद येऊ लागतात. कागद हातात पडला की सगळ्यांची नजर आधी प्लेटलेटच्या आकड्यावर जाते. त्याच कागदावर ‘टोटल काउंट’ आणि त्याखाली पांढऱ्या पेशींची विभागणीही छापलेली असते. त्यातला सर्वांत मोठा वाटा बहुधा न्यूट्रोफिल या पेशींचा असतो. निरोगी प्रौढ माणसात तो साधारण ४० ते ७० टक्के भरतो. या पेशींच्या पोटात जंतू मारणाऱ्या छोट्या प्रथिनांचा, म्हणजे पेप्टाइडांचा, तयार साठा असतो. रोज लाखो जंतू शरीरात शिरूनही माणूस बहुतेक वेळा आजारी पडत नाही, त्याचे बरेचसे श्रेय या साठ्याला जाते.

याच द्वारकेच्या सेक्टर ८ मध्ये पांढऱ्या पेशींचा आणखी एक अभ्यास चालतो. तो माणसाच्या पेशींचा नाही, डासाच्या पेशींचा आहे.

तिथली राष्ट्रीय मलेरिया संशोधन संस्था ही भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची संस्था. १९७७ मध्ये ‘मलेरिया रिसर्च सेंटर’ या नावाने ती सुरू झाली आणि २००५ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. फवारणी, औषधे आणि मच्छरदाण्या यांवर तिथे काम होतेच. रजनीकांत दीक्षित यांच्या गटाने मात्र त्याहून मुळाशी जाणारा प्रश्न हाती घेतला. मलेरियाचा परजीवी माणसात शिरण्यापूर्वी दहा ते चौदा दिवस डासाच्या अंगात राहतो. एवढ्या काळात डासाचे शरीर त्याच्याशी कसे वागते? २०१६ मध्ये या गटाने ‘जीन’ या नियतकालिकात ‘अ‍ॅनाफिलिस स्टिफेन्सी’ या भारतीय डासाच्या रक्तपेशींचा अभ्यास प्रसिद्ध केला. या पेशींमध्ये कोणकोणती जनुके जागी आहेत, हे त्यांच्यातील आरएनए वाचून त्यांनी मांडले. या सगळ्या नोंदीसाठी शीर्षकात त्यांनी शब्द वापरला ‘हिमोसायटोम’.

डास चिरडल्यावर हाताला लागते ते रक्त डासाचे नसते, त्याने कुणाचे तरी प्यायलेले असते. डासाचे स्वतःचे रक्त जवळजवळ रंगहीन असते, कारण त्यात तांबड्या पेशीच नसतात. ते रक्तवाहिन्यांतून वाहत नाही. शरीराच्या पोकळीत ते मोकळे खेळते आणि सारे अवयव त्यात बुडालेले असतात. पाठीच्या बाजूला एक लांब नळी असते, तेच त्याचे हृदय. या द्रवात तरंगणाऱ्या पेशींना हिमोसाइट म्हणतात. एका डासात त्या काही शे ते काही हजार असतात. त्यांतल्या काही जंतू गिळतात, काही जंतूभोवती काळे रंगद्रव्य जमवून त्याला कोंडतात. संसर्ग झाला की बऱ्याच पेशी हृदयाच्या छिद्रांपाशी येऊन बसतात, कारण शरीरभर फिरणारा द्रव तिथूनच आत ओढला जातो आणि त्याच्याबरोबर जंतूही येतात. या पेशी गोळा करणे फार नाजूक काम आहे. काचेच्या केसासारख्या सुईने डासाच्या छातीत द्रावण सोडायचे आणि पोटाच्या टोकाशी पाडलेल्या छिद्रातून बाहेर येणारे थेंब टिपायचे, अशी त्याची रीत आहे. पुरेसा आरएनए मिळवायला असे कितीतरी डास लागतात.

क्षुद्र जिवांच्या रक्तपेशी पाहून माणसाचा रोगप्रतिकार समजून घेण्याची वाट नवी नाही. १८८२ मध्ये रशियन प्राणिशास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉफ यांनी इटलीतल्या मेसिना इथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचे काटे टोचले. दुसऱ्या दिवशी त्या काट्यांभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला त्यांना दिसला. पुढे पाण्यातल्या पिसूच्या रक्तपेशी बुरशीचे बीज गिळताना त्यांनी पाहिल्या आणि शरीराचे रक्षण पेशी करतात, हा सिद्धांत मांडला. १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना पॉल एर्लिख यांच्याबरोबर विभागून मिळाले. ओडेसामधले त्यांचे एक विद्यार्थी वाल्डेमार हाफकिन प्लेगच्या साथीत मुंबईत आले. जानेवारी १८९७ मध्ये त्यांनी आपली नवी लस आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. तीच आजची हाफकिन संस्था. परळचा उल्लेख या प्रकरणात पुन्हा येणार आहे.

पेशी जंतूला गिळते, हे मेचनिकॉफ यांनी दाखवले. गिळलेल्या जंतूचे पुढे काय होते, हे कळायला सत्तरहून अधिक वर्षे लागली. १९५६ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत जेम्स हिर्श यांनी पांढऱ्या पेशींच्या अर्कातून जंतू मारणारा अंश वेगळा काढला. जंतू गिळल्यावर पेशीतल्या बारीक कणिका एकेक करून नाहीशा होतात, हे त्यांनी आणि झॅनव्हिल कोन यांनी १९६० मध्ये दाखवले. कणिका फुटत होत्या आणि त्यांतला ऐवज जंतूवर रिकामा होत होता. या ऐवजातला मुख्य घटक १९८५ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात टॉमस गँझ, मायकेल सेल्स्टेड आणि रॉबर्ट लेहरर यांनी ओळखला. त्यांनी त्याला ‘डिफेन्सिन’ नाव दिले. न्यूट्रोफिलमधली पहिली तीन डिफेन्सिन अवघ्या २९-३० अमिनो आम्लांची आहेत आणि त्यांच्यात एका टोकाच्या अमिनो आम्लाचा काय तो फरक. तीन गंधकबंधांनी ती घट्ट बांधलेली असतात. न्यूट्रोफिलमधल्या एकूण प्रथिनांपैकी ५ ते ७ टक्के प्रथिने हीच असतात. माणसाच्या अस्थिमज्जेत रोज सुमारे १०० अब्ज न्यूट्रोफिल तयार होतात, हे लक्षात घेतले की शरीर या पेप्टाइडांवर किती खर्च करते, ते कळते.

हा साठा बाहेर पडण्याचे मार्ग तीन. पहिला पेशीच्या आतला: गिळलेला जंतू एका पिशवीत बंद होतो, कणिका त्या पिशवीला जाऊन मिळतात आणि काही मिनिटांत डिफेन्सिनांची संहती प्रचंड वाढते. दुसरा मार्ग पेशीबाहेरचा. काही कणिका पेशीच्या कडेला येऊन आपला ऐवज बाहेर टाकतात. एलएल-३७ हे ३७ अमिनो आम्लांचे पेप्टाइड असेच निघते. साठ्यात असताना ते एका लांब, निरुपद्रवी प्रथिनाचा भाग असते. बाहेर पडल्यावर दुसऱ्या कणिकांतले एक विकर त्याचा तुकडा कापते आणि मग ते मारक होते. शरीराने ही काळजी घेतली आहे ती सकारण, कारण हीच पेप्टाइडे जास्त झाली तर आपल्याच पेशींना इजा करतात. सोरायसिस या त्वचारोगात एलएल-३७ चा हात असल्याचे पुरावे आहेत. तिसरा मार्ग २००४ मध्ये बर्लिनच्या शास्त्रज्ञांनी उघड केला. न्यूट्रोफिल स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकतो. त्या जाळ्यावर जंतुनाशक प्रथिने चिकटलेली असतात आणि जंतू त्यात अडकतो. बहुधा यात पेशीचा जीव जातो.

ही पेप्टाइडे जंतूला मारतात आणि बहुतेक वेळा आपल्या पेशींना सोडून देतात, ते कशामुळे? उत्तर विद्युतभारात आहे. त्यांच्यावर धनभार असतो. जिवाणूच्या बाहेरच्या पृष्ठभागावर ऋणभार असतो. प्राण्यांच्या पेशीपटलाचा बाहेरचा थर जवळजवळ भाररहित असतो आणि त्यात कोलेस्टेरॉल असते. म्हणून पेप्टाइडे जिवाणूकडे ओढली जातात, त्याच्या पटलात घुसतात, पटल गळू लागते आणि जिवाणू मरतो. काही डिफेन्सिन जिवाणूची भिंत बांधण्याचे कामही अडवतात. प्रतिजैविक औषध बहुधा जिवाणूच्या एखाद्या यंत्रणेवर बोट ठेवते आणि ती यंत्रणा बदलली की निकामी होते. पेप्टाइडाचा नेम संपूर्ण पटलावर असतो. पटल बदलणे जिवाणूला अवघड आहे, पण अशक्य नाही.

न्यूट्रोफिलची संख्या पुरेशी असली तरी त्यांतला साठा रिकामा असेल तर काय होते, हे स्वीडनमधल्या एका दुर्मीळ जन्मजात आजाराने दाखवून दिले. रोल्फ कोस्टमन यांनी १९५६ मध्ये वर्णन केलेल्या या आजारात न्यूट्रोफिल जवळजवळ तयारच होत नाहीत आणि पूर्वी अशी मुले लहानपणीच दगावत. पुढे न्यूट्रोफिल वाढवणारे इंजेक्शन आले आणि मुले जगू लागली. रक्ततपासणीत आकडेही चांगले दिसू लागले. तरी त्यांच्या हिरड्या सडत राहिल्या, दात पडत राहिले. २००२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे कारण प्रसिद्ध झाले: या मुलांच्या न्यूट्रोफिलमध्ये एलएल-३७ नव्हते आणि डिफेन्सिनही कमी होती. ज्या एका रुग्णावर अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले होते, त्याच्या पेशींत एलएल-३७ होते आणि त्याच्या हिरड्या ठीक होत्या. रक्ततपासणीच्या कागदावरचा आकडा पेशी मोजतो, पेशीत काय भरले आहे ते सांगत नाही, हे यातून फार स्पष्ट होते.

कीटकांची पद्धत वेगळी. स्टॉकहोममध्ये हान्स बोमन यांनी सेक्रोपिया या रेशीमपतंगाच्या कोशांत जिवाणू टोचले. कीटकात प्रतिपिंडे नसतात, तरी काही तासांत कोशाच्या रक्तात जंतुनाशक शक्ती आली. १९८१ मध्ये त्यांच्या गटाने तिचा कर्ता वेगळा काढला. तो ‘सेक्रोपिन’. अशा पेप्टाइडांचा कीटकात फारसा साठा नसतो. जंतूची चाहूल लागली की मुख्यतः शरीरातला चरबीचा अवयव, आणि थोड्या प्रमाणात आतडे व रक्तपेशी, ती नव्याने तयार करून रक्तात सोडतात. उन्हाळ्यात पापड-कुरडया करून डब्यात भरून ठेवणारे घर आणि पाहुणा दारात आल्यावर चूल पेटवणारे घर, एवढा फरक माणसाच्या न्यूट्रोफिलमध्ये आणि कीटकात आहे. पेप्टाइडे बनवण्याचा हुकूम कोण देते, ते १९९६ मध्ये स्ट्रासबुर्गमध्ये ब्रुनो लेमेत्र आणि ज्यूल्स हॉफमन यांनी फळमाशीत शोधले. ‘टोल’ हे जनुक बिघडवलेल्या माश्या बुरशीने वेढून मेल्या. माणसातही तशाच जनुकांचे अख्खे कुटुंब निघाले आणि २०११ च्या नोबेल पारितोषिकात हॉफमन यांचा वाटा होता.

पाहुणा दारात आल्यावर चूल पेटवण्यात वेळ जातो आणि मलेरियाचा परजीवी त्याचा फायदा घेतो. डासाने रुग्णाचे रक्त प्यायल्यावर साधारण एका दिवसात परजीवी आतड्याची भिंत ओलांडून पलीकडे गाठीसारखा बसतो. इथे त्याची मोठी कत्तल होते. कितीतरी परजीवी मरतात आणि मोजकेच तग धरतात. ही कत्तल जंतुनाशक पेप्टाइडे करतात, असे मानण्याचा मोह होतो. पुरावा मात्र अधिक गुंतागुंतीचा आहे. २००२ मध्ये युरोपीय शास्त्रज्ञांनी आफ्रिकेतल्या ‘अ‍ॅनाफिलिस गॅम्बिई’ डासातले डिफेन्सिन बंद पाडून पाहिले. तसे डास काही प्रकारच्या जिवाणूंच्या संसर्गाने मेले, पण उंदरांच्या मलेरियाच्या परजीवीवर त्याचा काही परिणाम दिसला नाही. परजीवीला मारण्यात मोठा वाटा ‘टेप-१’ या दुसऱ्या प्रथिनाचा आहे. ते परजीवीला चिकटून त्याला मृत्यूच्या वाटेला लावते आणि त्याला चालना देण्यात हिमोसाइट पेशींतून निघणाऱ्या सूक्ष्म पुटिकांचा हात असतो. रक्तपेशी इथे संदेश पोचवतात आणि घाव दुसरे प्रथिन घालते. द्वारकेत होते तसे पेशींचे जनुकवाचन मोलाचे ठरते ते यामुळेच. कोणती पेशी काय बनवते हे माहीत झाल्याखेरीज कोण कोणाला मारते हे सांगता येत नाही.

या लढाईत डासाच्या आतड्यातले जिवाणूही आहेत. रक्त प्यायल्यावर ते झपाट्याने वाढतात, त्यांना आवरण्यासाठी डास पेप्टाइडे व इतर प्रतिकारी प्रथिने सोडतो आणि त्यात परजीवीही सापडतो. २००९ मध्ये अमेरिकेतल्या प्रयोगात प्रतिजैविके देऊन हे जिवाणू मारले, तेव्हा डासांत परजीवी अधिक वाढले. २०१५ मध्ये युरोप व आफ्रिकेतल्या शास्त्रज्ञांनी पुढचा धागा जोडला. माणसाच्या रक्तात प्रतिजैविके असतील, तर ते रक्त पिणारा डास मलेरिया पसरवायला अधिक सक्षम होतो. ताप आला की दुकानातून प्रतिजैविकाची पट्टी आणणाऱ्या शहरांनी हे निष्कर्ष गंभीरपणे घ्यायला हवेत, कारण ‘अ‍ॅनाफिलिस स्टिफेन्सी’ हा शहरी डास आहे. दिल्ली, मुंबई आणि गोव्यात तो गच्चीवरच्या टाक्यांत, कूलरमध्ये, बांधकामाच्या जागी साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. २०१२ मध्ये तो आफ्रिकेच्या शिंगावरच्या जिबुतीत सापडला आणि तिथून पुढे सरकला. तिथल्या शहरांना आता आपल्याकडच्या डासाशी सामना करावा लागतो आहे.

आता परळ. हाफकिन संस्थेपासून जवळच, केईएम रुग्णालयाच्या शेजारी, राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्था आहे. तिच्या नावात आता बालआरोग्यही आले आहे. तिथे सुझन इडिकुला-थॉमस आणि सहकाऱ्यांनी पुण्याच्या सी-डॅकमधले व्ही. के. जयरामन यांच्या साथीने २०१० मध्ये ‘कॅम्प’ नावाचा माहितीसंच जगासाठी खुला केला. बेडूक, मधमाशी, झाडे, माणूस, डास अशा नाना जिवांतली जंतुनाशक पेप्टाइडे त्यात नोंदलेली आहेत आणि एखादे नवे पेप्टाइड जंतू मारेल का याचा अंदाज संगणकाने बांधण्याची सोयही आहे. २०१४, २०१६ आणि २०२३ मध्ये त्याच्या वाढीव आवृत्त्या निघाल्या. जगभरचे संशोधक तो वापरतात. मुंबईच्या विज्ञानाची ओळख करून देताना या कामाचा उल्लेख फारच थोड्या ठिकाणी होतो, आणि तो व्हायला हवा.

या पेप्टाइडांची औषधे बाजारात का नाहीत? १९८७ मध्ये अमेरिकेत मायकेल झॅस्लॉफ यांनी आफ्रिकी बेडकाच्या कातडीत ‘मॅगेनिन’ शोधले. त्यावरून मधुमेहींच्या पायांच्या जखमांसाठी बनवलेल्या मलमाला अमेरिकी औषध प्रशासनाने १९९९ मध्ये परवानगी नाकारली, कारण उपलब्ध औषधांपेक्षा ते सरस ठरले नव्हते. शरीरातल्याच पेप्टाइडांना चालना देण्याचाही प्रयत्न झाला. ड जीवनसत्त्वामुळे पांढऱ्या पेशी एलएल-३७ बनवतात आणि क्षयाच्या जंतूला मारतात, हे २००६ मध्ये प्रयोगशाळेत दिसले आणि मोठी आशा निर्माण झाली. भारतातल्या क्षयरुग्णांवर झालेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या काटेकोर चाचणीत मात्र औषधांना ड जीवनसत्त्वाची जोड दिल्याने थुंकीतले जंतू लवकर गेले नाहीत. काचपात्रात जे घडते ते फुप्फुसात घडेलच असे नाही.

या जातीचे एक औषध मात्र भारतातल्या अतिदक्षता विभागांत रोज वापरले जाते. कोलिस्टिन. मातीतल्या एका जिवाणूपासून मिळणारे हे पेप्टाइड डिफेन्सिनसारखेच धनभाराच्या बळावर जिवाणूच्या पटलाला भिडते. इतर औषधे थकली की डॉक्टर त्याच्याकडे वळतात. तेच औषध कोंबड्यांच्या खाद्यात वाढीसाठी मिसळले जात होते. त्याला दाद न देण्याची ताकद जिवाणूला देणारे ‘एमसीआर-१’ हे जनुक २०१५ मध्ये चीनमध्ये सापडले, ते एका जिवाणूतून दुसऱ्यात सहज जाते. जुलै २०१९ मध्ये भारत सरकारने अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत कोलिस्टिन वापरण्यावर बंदी घातली. हा निर्णय योग्यच होता आणि त्याचे महत्त्व २०२३ मध्ये आणखी कळले. ऑक्सफर्डच्या गटाने दाखवले की एमसीआर-१ असलेले जिवाणू प्राण्यांच्या स्वतःच्या जंतुनाशक पेप्टाइडांनाही कमी दाद देतात. कुक्कुटपालनात एक औषध बेफिकिरीने वापरले, तर माणसाच्या पांढऱ्या पेशींतल्या साठ्याची धारही बोथट होऊ शकते.

डासाची चूल वेळेवर पेटत नसेल, तर त्याला तयार शस्त्र देता येईल का? १९८९ मध्येच अमेरिकी शास्त्रज्ञांनी डासांना मॅगेनिन आणि सेक्रोपिन टोचून परजीवीची वाढ बिघडवली होती. २०२२ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने बेडकाचे मॅगेनिन आणि मधमाशीचे मेलिटिन तयार करणारी जनुके डासात बसवली. डास रक्त प्यायला की त्याच्या आतड्यात ती पेप्टाइडे तयार होतात, परजीवीची वाढ मंदावते आणि तो लाळग्रंथीत पोचण्याआधी बहुतेक डास आयुष्य संपून मरतात. हे काम अजून बंदिस्त प्रयोगशाळेत आहे.

असा डास बाहेर सोडायची वेळ आली, तर दिल्लीकडे त्याचा जुना अनुभव आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद यांनी १९६९ नंतर दिल्लीत डासांच्या जनुकीय नियंत्रणाचा प्रकल्प चालवला आणि आसपासच्या खेड्यांत वांझ केलेले नर डास सोडले. अमेरिकी पैसा, जैविक युद्धाचा संशय, वर्तमानपत्रांतला गदारोळ आणि संसदेतली चौकशी या सगळ्यांत १९७५ मध्ये तो बंद पडला. प्रकल्पात काम केलेले विनोद प्रकाश शर्मा पुढे मलेरिया रिसर्च सेंटरच्या उभारणीत अग्रभागी होते. त्यामुळे द्वारकेतल्या संस्थेच्या स्मृतीत हा इतिहास आहे. नव्या पेप्टाइडधारी डासांना भारतात कधी परवानगी मागितली गेली, तर ज्या गावात ते सोडायचे त्या गावाला, त्याच्या भाषेत, डासात काय घातले आहे आणि ते परत काढता येते की नाही हे आधी सांगितले पाहिजे, आणि गावाचा नकार हा नकारच मानला पाहिजे.